ऑस्ट्रेलियातल्या दोन खासदारांचं मतदान ताडून कसं बघायचं?

करवीर_वाचक: शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी ऑस्ट्रेलियातल्या दोन खासदारांच्या मतदानाची तुलना करायची आहे. 'दे व्होट फॉर यू' ही तिथल्या खासदारांची मतं दाखवणारी साईट बघतोय. एकाच पक्षाचे दोघे घेतले की सगळं जुळतं, वेगळ्या पक्षांचे घेतले की उलटं. मग यातून नवं काय कळणार? जोडी कशी निवडावी?

पंचगंगा_घाट: दोघं एकाच सभागृहातले घे. प्रतिनिधिगृह (कनिष्ठ सभागृह) आणि सेनेट (वरिष्ठ) यांची मतविभाजनं, म्हणजे नावानिशी नोंदलेली मतदानं, वेगळी असतात, त्यामुळे एक इथला आणि एक तिथला घेतलास तर ताडायला समान काही उरत नाही. प्रतिनिधिगृहाचा स्पीकर टाळ, तो फक्त समसमान मतं पडली तरच मत देतो. सेनेटचा अध्यक्ष मात्र इतरांसारखाच मत देतो, आणि तिथं बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो.

लेबर पक्षाचे दोन खासदार तर घेऊच नकोस. कॉकसचा, म्हणजे पक्षाच्या खासदारांच्या बैठकीचा, निर्णय मोडणं त्यांच्यात मोठा गुन्हा. लेबरच्या सेनेटर फातिमा पेमन यांनी 25 जून 2024 ला पॅलेस्टाइनच्या मान्यतेवर ग्रीन्स पक्षाच्या बाजूनं मत दिलं, आधी निलंबन झालं, मग 4 जुलैला त्यांनी पक्ष सोडला. माझं मत विचारशील तर त्याच चांगला विषय आहेत: पक्षात असतानाचं मतदान आणि अपक्ष झाल्यावरचं, दोन्ही एकाच लेबर सेनेटरशी ताडून बघ.

दसरा_चौक: नोंदीची मर्यादा आधी समजून घे. बहुतेक प्रश्न आवाजी मतदानानं सुटतात, तिथं कोणाचंच नाव लागत नाही. मतविभाजन मागितलं तरच चार मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, 'हो'वाले स्पीकरच्या उजवीकडे आणि 'नाही'वाले डावीकडे बसतात, मग टेलर (मतं मोजायला नेमलेले सदस्य) नावं टिपतात.

त्यातही एक खाच आहे. प्रतिनिधिगृहात एका बाजूला चार किंवा त्याहून कमी सदस्य असतील तर मोजणी होत नाही, फक्त त्या अल्पमतातल्यांची नावं नोंदतात. 7 डिसेंबर 2017 ला समलिंगी विवाहाच्या विधेयकावर नेमकं हेच झालं. विरोधात चौघे: कॅटर, पिट, लिटलप्राउड, ब्रॉडबेंट. माजी पंतप्रधान टोनी ॲबट आणि पुढे पंतप्रधान झालेले स्कॉट मॉरिसन यांनी मतच दिलं नाही, पण 'हो'वाल्यांची यादीच नसल्यानं त्या मतदानाच्या नोंदीतून हे कळत नाही. म्हणून त्याच दिवशी दुरुस्त्यांवर झालेली मतविभाजनं बघ. खरी फाटाफूट तिथं दिसते.

करवीर_वाचक: आभार. गैरहजेरीचं काय करायचं? साईटवर टक्के येतात त्यात ती धरलीय का?

मतमोजणी_टेबल: धरलीय, आणि तिथंच फसायला होतं. खासदार एखाद्या धोरणाच्या किती बाजूनं आहे याच्या गुणांकनात 'महत्त्वाच्या' मताला 50 गुण, साध्याला 10. महत्त्वाच्या मताला गैरहजर राहिलं तरी 50 पैकी 25 मिळतात. म्हणजे दोन महत्त्वाच्या मतांपैकी एकाला 'हो' म्हणून दुसऱ्याला गायब राहिलेला खासदार 75 टक्के समर्थक दिसतो. टक्के सोड, मूळ मतविभाजनं उघड.

एक्सेलमध्ये रकाने कर: तारीख, प्रस्ताव, पहिल्याचं मत, दुसऱ्याचं मत, प्रकार. मत तीन प्रकारचं लिही: हो, नाही, नोंद नाही. हॅन्सार्डमधून (संसदेच्या कामकाजाची अधिकृत नोंद) नावं उतरवताना टेलरच्या नावापुढं कंसात 'टेलर' असतं. ते काढलं नाहीस तर एक्सेलला तो वेगळाच माणूस वाटतो आणि मत गळतं. सेनेटमध्ये खाली 'पेअर्स'ची यादी छापतात, ती वाचच: त्यात नाव असलेला सेनेटर विरुद्ध बाजूच्या एकाशी जोडी लावून बाहेर राहिलेला असतो, त्याला कामचुकार धरू नकोस.

'प्रकार' रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चर्चा बंद करा, नियम स्थगित करा असली कामकाजाची मतं वेगळी काढ. ती पक्षाच्या ओळीनंच पडतात आणि जुळणी उगाच फुगवतात. विधेयकाच्या दुसऱ्या वाचनावरचं आणि दुरुस्त्यांवरचं मत, एवढंच तुलनेला ठेव.

पंचगंगा_घाट: आपल्याकडच्या कोल्हापूर आणि हातकणंगले खासदारांशी हे ताडायचा मोह होईल, पण 'पीआरएस' या संसदेची माहिती देणाऱ्या साईटवर हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मिळतो, मतांची अशी जंत्री नाही. शिवाय इथं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे, व्हिप मोडला तर खासदारकीच धोक्यात. पेमन पक्षाबाहेर गेल्या, पण सेनेटमध्ये राहिल्या. सेमिनारमध्ये हा फरक आधी मांड, मग तक्ता दाखव.