हालश्टाट: अडीच तासांत उरकायचं की मुक्काम करायचा?

धागाकर्ता: ऑस्ट्रियातलं हालश्टाट हल्ली युरोप टूरच्या यादीत असतंच. साल्झबुर्गहून बस, गावात अडीच तास, तळ्याकाठी फोटो, परत बस. माझं मत: मुक्काम करणार नसाल तर जाऊच नका. डोंगर आणि तळ्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर जेमतेम साडेसातशे माणसांची वस्ती आहे. भर दुपारी तिथे धड उभं राहायला जागा मिळत नाही. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी गर्दीविरुद्ध निदर्शनं केली, ती उगाच नाही. शिवाय गाव पश्चिम काठावर, डोंगराच्या पायथ्याशी. घरांवर ऊन पडतं ते सकाळी. दुपारनंतर सूर्य मागे जातो. म्हणजे टूरवाले पोचतात तेव्हा गर्दी ऐन भरात आणि उजेड उतरणीला.

प्रतिसाद १: असहमत. मुक्काम सगळ्यांना परवडत नाही, म्हणून त्यांनी जायचंच नाही? साल्झबुर्गहून सकाळची पहिली ट्रेन धरा. आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची, साधारण अडीच तास लागतात. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, पुढे बोट. बोटीचं तिकीट वेगळं. बोटी गाड्यांच्या वेळेशी जुळवलेल्या असतात आणि संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट बघून ठेवा. चुकते ती इथेच.

आणि अडीच तासांतही बघण्यासारखं आहे. कॅथलिक चर्चमागचं अस्थिघर बघा. दफनभूमी इतकी लहान, की दहा-पंधरा वर्षांनी कबर उकरून जागा मोकळी करावी लागे. मग कवटी उन्हात वाळवून तिच्यावर नाव लिहायचं, कपाळाभोवती ओकची किंवा आयव्हीची पानं, गुलाब रंगवायचे. अशा सहाशेहून जास्त रंगवलेल्या कवट्या तिथे ओळीने मांडल्या आहेत. शेवटची १९९५ मध्ये ठेवली. खोली एवढीशी, पण पाय निघत नाही.

प्रतिसाद २: अस्थिघराबद्दल सहमत, पण मिठाच्या खाणीचं काय? गाव उभं राहिलं तेच मिठावर. १८४६ पासून रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याने डोंगरात हजाराच्या आसपास प्राचीन कबरी खोदून काढल्या. युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला या गावाचं नाव मिळालं ते त्यामुळे. खाणीत तीन हजार वर्षांहून जुना लाकडी जिना सापडलाय, मिठामुळे लाकूड कुजलंच नाही. वर जाणं, खाण आणि परत येणं यात तीन तास सहज जातात. आत तापमान ८ अंशांच्या आसपास, जुलैतही स्वेटर हवाच. टूरबसना किमान अडीच तास थांबण्याची अट आहे. बहुतेक तेवढंच थांबतात, त्यात खाण बसत नाही.

धागाकर्ता: म्हणूनच मुक्काम म्हणतोय. गावात महाग वाटत असेल तर तळ्याच्या दक्षिण टोकाला ओबरट्राउनमध्ये राहा, ट्रेनने पुढचंच स्टेशन. सकाळी आठला हालश्टाटच्या चौकात पोचा आणि बसेस यायच्या आत खाणीकडे निघा.

प्रतिसाद १: ओबरट्राउन मान्य. "जाऊच नका" अजूनही अमान्य.