मदत हवी आहे : ७३९३९१३३ च्या पुढे अंक का लागत नाही, हे सातवीच्या पोरांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर गणित शिकवतो. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी ७३९३९१३३ ही मूळ संख्या निवडली आहे. शेवटचा अंक पुसत जा : ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. प्रत्येक वेळी मूळ संख्याच उरते. दशमान पद्धतीत अशा एकूण ८३ संख्या आहेत आणि ही त्यांतली सर्वांत मोठी.

फळ्यावर लिहून एकेकाला पुसायला बोलावलं. कापूस वेचून बोटं चिरलेली एक पोरगी तळव्यानंच ३ पुसत म्हणाली, "सर, मांगून पुसलं तं जमते, मंग समोरून पुसलं तं काऊन नाही जमनार?" पुसून पाहिलं. ३९३९१३३ उरली, ११ ची कसोटी लावली आणि भाग गेला : ११ × ३५८१०३. वर्ग इतका रंगला की मधली सुट्टी झालेली कळलीच नाही.

मग प्रश्न आला, उजवीकडे अजून एक अंक लावला तर? सम अंक आणि ५ बाद. उरले १, ३, ७, ९. इथं मजा आहे. ७ ला ३ नं भागलं तर बाकी १. पुढे ३ किंवा ९ लावला की बाकी तीच राहते, १ किंवा ७ लावला की एकानं वाढते. दोनदा वाढली की ३ चा भाग गेलाच. म्हणजे ७ नं सुरू होणाऱ्या अशा संख्येत पुढे १ किंवा ७ एकदाच येऊ शकतो. आपल्या संख्येनं ती संधी सहाव्या अंकावर वापरून टाकली आहे. हे पोरांनी स्वतः शोधलं, फार आनंद झाला.

अडलो ते उरलेल्या दोघांपाशी : ७३९३९१३३३ आणि ७३९३९१३३९. दोन्ही संयुक्त असल्याच पाहिजेत, नाहीतर आपली संख्या सर्वांत मोठी ठरत नाही. ४७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हातानं भागून पाहिलं, एकाचाही भाग जात नाही. भागून पाहायचं ते वर्गमूळापर्यंत, आणि ते २७१९१ च्या पुढे आहे; तिथवर पोरांना कसं नेऊ? फर्माच्या प्रमेयानं अवयव न काढताही संयुक्त ठरवता येतं हे माहीत आहे, पण नऊ अंकी संख्यांचे तीसेक वेळा वर्ग करून दर वेळी बाकी काढणं सातवीला झेपणार नाही.

संगणकावर अवयव लगेच मिळतील. पण आयतं उत्तर फळ्यावर लिहायचं जिवावर येतं. पोरांना निदान शोधाची दिशा तरी देता यावी. वर्गांच्या फरकाची रीत (संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडून अवयव काढायची) इथं चालेल का? की संख्या थोडी बदलून प्रश्न लहान करता येतो? कुणी वर्गात असं काही करून घेतलं असेल तर कृपया पायऱ्यांसकट सांगा. पोरं रोज विचारतात.