समोरचाही आत्मविश्वासानेच उतरलेला असतो

अतिआत्मविश्वासाशिवाय कुणी धंद्यात उडीच घेणार नाही, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. कूपर, वू आणि डंकेलबर्ग या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या जवळपास ३००० नवउद्योजकांना यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्क्यांनी ती दहापैकी सात किंवा जास्त सांगितली. ३३ टक्क्यांनी तर दहापैकी दहा! 'तुमच्यासारख्या इतर धंद्यांचं काय?' म्हटल्यावर मात्र हीच मंडळी बरीच सावध झाली.

खरी गोम इथेच आहे. कॅमेरर आणि लोव्हॅलो या अर्थतज्ज्ञांच्या १९९९ च्या प्रयोगात, कमाई नशिबावर नाही तर कौशल्यावर ठरणार म्हटल्यावर जास्त लोक स्पर्धेत उतरले आणि तोट्यात गेले. समोरचाही स्वतःला हुशार समजूनच उतरलाय, हे त्यांनी धरलंच नाही. मिसळीचं दुकान काढणारा तर्रीची चव शंभरदा तपासतो. त्याच रस्त्यावर आणखी कोण गाळा शोधतंय, हे एजंटला विचारत नाही. मित्रांना फुकट खाऊ घालून 'कशी झालीय?' विचारण्यात तर काहीच अर्थ नाही. पैसे मोजून दुसऱ्यांदा कोण आलं, ते बघा.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्री-मॉर्टेम' पद्धत जरूर वापरा: धंदा बुडालाय असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने त्याची कारणं लिहायची. भागीदारांनी आधी वेगवेगळं लिहावं, मग एकत्र वाचावं. नाहीतर सगळे मोठ्या भागीदाराच्या सुरात सूर मिसळतात. आणि हे गाळ्याचं डिपॉझिट भरायच्या आधी करा, नंतर नको.