‘फेडरल ग्रँट’ म्हणजे अनुदान का? आणि ‘अचीव्हमेंट’ म्हणजे यश का?

प्रश्न

न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या शाळेचं ‘टायटल वन’बद्दलचं (कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं असलेल्या शाळांना अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या पैशाबद्दलचं) पत्रक मराठीत करतोय, मुख्यतः नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांसाठी. एका वाक्यावर गाडी अडली आहे: ‘सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या यशाला संघीय शैक्षणिक अनुदाने पाठबळ देतात.’ व्याकरणात चूक नाही, पण कुणाला काही बोध होईल असं वाटत नाही. ‘अनुदान’, ‘यश’, ‘सार्वजनिक शाळा’ या तिन्ही शब्दांवर मतं हवीत.

प्रतिसाद

अनुदानित शाळेत शिक्षक आहे, म्हणून आधी ‘अनुदान’. आपल्याकडे हा शब्द पगाराला चिकटलेला आहे. शाळा अनुदानित, विनाअनुदानित, नाहीतर २०, ४०, ६० टक्के टप्प्यावर. ‘अनुदान आलं’ म्हणजे शिक्षकांचा पगार सुरू झाला. बाकी खर्चाचे पैसे वेगळे दाखवायला ‘वेतनेतर अनुदान’ असं म्हणावं लागतं, इतका तो अर्थ पक्का बसलाय. त्यामुळे तुमचं वाक्य वाचून आजोबा समजतील की शाळा वॉशिंग्टनच्या पैशावर चालते.

तिथे तसं नाही. शाळेचा बहुतेक खर्च राज्य सरकार आणि स्थानिक कर, मुख्यतः घरपट्टी, यांतून भागतो. केंद्राचा वाटा एरवी साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. टायटल वन हा १९६५ च्या शिक्षण कायद्याचा पहिला भाग. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यावर सही केली होती. त्यात एक अट आहे: हा पैसा राज्याच्या आणि स्थानिक पैशात भर घालायला वापरायचा, त्याच्या जागी नाही. म्हणून माझ्या मते ‘पूरक’ हा शब्द हवाच. ‘केंद्र सरकारचा पूरक निधी’ म्हणा. ‘संघीय’ तर नकोच, बोलताना तो कुणाच्याही तोंडी येत नाही.

प्रतिसाद

सरांशी सहमत. ‘यश’ही काढा. यश म्हणजे पहिला नंबर, सत्कार, पेपरात फोटो. ‘अचीव्हमेंट’साठी शिक्षणखात्यात रुळलेला शब्द आहे ‘संपादणूक’. ‘राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण’ शाळांत सगळ्यांना माहीत आहे. मुलाला प्रत्यक्ष काय वाचता येतं, कोणती गणितं सुटतात, ते म्हणजे संपादणूक. अमेरिकेतही तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी होते, ती हेच पाहायला. पण पत्रकात ‘संपादणूक’ बोजड होईल. सरळ ‘मुलांचं वाचन आणि गणित सुधारावं म्हणून’ लिहा.

आणि ‘म्हणून’च लिहा, ‘निधीमुळे सुधारतं’ असं नको. कायदा हेतू सांगतो. परिणाम मात्र जागोजागी वेगळा दिसतो, पैसा कशावर खर्च होतो यावर बरंच ठरतं. वाचनात मागे पडलेल्या चार-पाच मुलांना घेऊन रोज बसणारी जादा शिक्षिका नेमली तर फरक पडायला जागा असते.

प्रतिसाद

‘सार्वजनिक शाळा’ चालेल, पण ‘पब्लिक स्कूल’ अजिबात नको. आपल्याकडे ती पाटी बहुतेक वेळा फी घेणाऱ्या खासगी शाळेवर असते. मी ‘इथली मोफत सरकारी शाळा’ लिहीन.

याहून महत्त्वाचं म्हणजे पत्रकात कुठेही ‘लाभार्थी’ लिहू नका. तो शब्द आला की उत्पन्नाचा दाखला आठवतो, आणि ‘आपण काही गरिबांच्या योजनेतले नाही’ म्हणून पत्रक बाजूला पडतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शाळेच्या वाट्याला पैसा येतो तो कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं किती यावर. मुलाला मदत मिळते ती ते अभ्यासात मागे आहे का यावर. घरच्या मिळकतीचा तिथे संबंध नाही. शाळेत अशा घरांतली मुलं ४० टक्के किंवा जास्त असतील तर शाळेला तो पैसा सगळ्या मुलांसाठी वापरण्याची योजना करता येते. हा भेद मराठीत नीट उतरला नाही, तर मदतीची गरज असलेलं मूल मदतीवाचून राहील. इतर शब्दांवर तडजोड करा, इथे करू नका.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आता वाक्य असं केलंय: ‘मुलांचं वाचन आणि गणित सुधारावं म्हणून आपल्या शाळेला केंद्र सरकारकडून पूरक निधी मिळतो. मदत अभ्यासातली गरज पाहून दिली जाते. घरच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही.’ कायद्याप्रमाणे शाळेला पालकांची वार्षिक सभाही घ्यावी लागते. तिला ‘पालकसभा’ म्हणू की ‘पालक-शिक्षक बैठक’?

प्रतिसाद

‘पालकसभा’. बैठक म्हटलं की फक्त समितीवाल्यांना बोलावलंय असं वाटतं. आणि ‘आजी-आजोबांनीही यावं’ हे खाली वेगळ्या ओळीत घाला.