मदत हवी आहे: ईमेलवरची चर्चा भरकटली की नवा धागा कसा सुरू करता?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा ईमेलवर चालते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची पुनर्विकास प्रक्रिया, पीएमसीची (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) नेमणूक, कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी), सगळं लेखी राहावं म्हणून सभासदांनीच हा मार्ग निवडला. पण 'पीएमसीचे दरपत्रक' या मेलखाली आता पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग येऊन बसलंय. दरपत्रकावरचा एक महत्त्वाचा आक्षेप पार्किंगच्या उत्तरांत गाडला गेला, परदेशातल्या सभासदांना तो दिसलाच नाही. प्रश्न प्रत्येकाच्या राहत्या घराचा आहे, म्हणून हे फार लागतं.

जीमेलमध्ये रिप्लाय करताना विषयाची ओळ बदलली की संभाषण वेगळं होतं (१०० मेलनंतर तर ते आपोआपच तुटतं). थंडरबर्ड (हाही एक ईमेल प्रोग्राम) मात्र मेलच्या हेडरमधल्या (मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदींमधल्या) संदर्भांवरून जुळवणी करतं, त्यामुळे विषय बदलूनही मेल जुन्याच धाग्यात राहतो. म्हणून कोरा मेल लिहिणंच मला बरं वाटतं. पण मग मागचा संदर्भ कसा जोडायचा? 'पार्किंग (आधीचा विषय: पीएमसीचे दरपत्रक)' अशी ओळ पुरते, की मूळ मेलमधला मजकूरही खाली उतरवावा?

आणि खरी अडचण: हे सांगायचं कुणी? सचिवांनी सांगितलं तर ज्येष्ठ सभासदांना आपलं बोलणं तोडल्यासारखं वाटतं. कुणाच्या सोसायटीत किंवा संस्थेत ही शिस्त लागली असेल, तर तुम्ही ती कशी लावलीत आणि त्या मेलमध्ये नेमके काय शब्द वापरलेत, ते कृपया सांगा.