एल-२ व्हिसावाल्या जोडीदारांना कामाच्या परवाना कार्डाची गरज नाही
अनेकदा सांगितलं जातं की अमेरिकेत आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्याशिवाय जोडीदाराला नोकरी करता येत नाही. एच-४ पुरतं (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) हे बऱ्यापैकी खरं आहे (एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरी २०१५ च्या नियमाने अर्ज करता येतो), पण कंपनीने एल-१ या बदलीच्या व्हिसावर पाठवलेल्यांच्या जोडीदाराला, म्हणजे एल-२ वाल्यांना, ही अट नाहीच. नोव्हेंबर २०२१ पासून त्यांच्या दर्जातच कामाची परवानगी धरली जाते. कुठेही नोकरी करा, अर्धवेळ करा, स्वतःचा व्यवसाय करा, ईएडी कार्ड (कामाचा वेगळा परवाना) लागत नाही. मुलांना मात्र ही सवलत नाही.

मी एल-२ वर आले तेव्हा नोकरी देणाऱ्या कंपनीचा एचआर कार्डावरच अडून बसला होता. आय-९४ वरची (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) 'एल-२एस' ही नोंद हाच कामाच्या परवानगीचा पुरावा आहे, हे त्याला सरकारी सूचना दाखवून पटवावं लागलं. सोबत ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. त्यामुळे उतरल्या उतरल्या आय-९४ ऑनलाइन बघाच. चुकून नुसतं 'एल-२' पडलं असेल तर सीबीपीकडून (सीमा तपासणी खातं) दुरुस्त करून घ्या, नोकरी मिळेपर्यंत थांबू नका.

आणि एच-४ वाल्या मैत्रिणींनो, ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या ईएडी कार्डाच्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं की काम थांबवावं लागतं. कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो त्याच आठवड्यात करा.