कोबुर्गच्या गादीवर थोरला सोडून धाकटा कसा?

नौपाडा, ठाणे:
आजीच्या डब्यात दोन रुपये सापडले. एकावर १८६२ सालची मुकुटातली व्हिक्टोरिया, दुसऱ्यावर उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड. लेकीला समजावून सांगावं म्हणून वंशावळ मांडायला घेतली. व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट साक्स-कोबुर्ग-गोथा या छोट्या जर्मन संस्थानातला, इथवर जमलं. त्याचा भाऊ दुसरा अर्न्स्ट १८९३ मध्ये निपुत्रिक वारला आणि गादी गेली अल्बर्टच्या दुसऱ्या मुलाकडे, आल्फ्रेडकडे. थोरला एडवर्ड हयात असताना? आणि आल्फ्रेडनंतर सोळा वर्षांचा कार्ल एडुआर्ट कुठून आला?

घोडबंदर रोड:
एडवर्ड इंग्लंडचा युवराज होता. त्याने १८६३ मध्येच हक्क सोडला.

वाशी:
बरोबर. इंग्लंडच्या राजाने किंवा युवराजाने कोबुर्गची गादी घेऊ नये, असाच तिथला नियम होता. म्हणून दुसऱ्या मुलाचा नंबर लागला. आल्फ्रेड ब्रिटिश आरमारातला. १८७० मध्ये तो मुंबईत आला होता. रीगल सिनेमासमोरचं राज्य पोलीस मुख्यालय मुळात त्याच्या नावाने बांधलेलं खलाशांचं वसतिगृह.

त्याचा एकुलता एक मुलगा १८९९ मध्ये गेला. चार मुली होत्या, पण मुलींना गादी नाही. पुढचा हक्क धाकटा भाऊ आर्थर याचा (हा १८८६ ते १८९० मुंबईच्या फौजेचा सरसेनापती). त्याने आणि त्याच्या मुलाने हक्क सोडला. मग राहिला सर्वांत धाकटा भाऊ लिओपोल्ड याचा मुलगा. लिओपोल्डला रक्त न गोठण्याचा आजार होता. १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन तो गेला आणि कार्ल एडुआर्ट त्यानंतर जन्मला. ईटनच्या शाळेत शिकणाऱ्या या पोराला जर्मनीत नेलं, १९०० मध्ये ड्यूक केलं. सज्ञान होईपर्यंत, १९०५ पर्यंत, कारभार आल्फ्रेडच्या जावयाने पाहिला. म्हणजे सलग दोनदा गादी काकाकडून पुतण्याकडे गेली.

हे वाचताना मला सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा केलं. कोबुर्गात मात्र निपुत्रिक ड्यूकच्या मागे व्हिक्टोरिया राणीचाच मुलगा घराण्याच्या कायद्याने सुखाने गादीवर बसला. कायदा वेगळा, हे मान्य. पण आपला वारस आपण ठरवण्याची मुभा साताऱ्याला नाकारली, याची चीड येते.

नौपाडा, ठाणे:
खूप आभार! त्या पोराचं पुढे काय झालं?

वाशी:
पहिल्या महायुद्धात तो जर्मनीकडून राहिला. इंग्लंडच्या राजघराण्याने १९१७ मध्ये कोबुर्ग नाव टाकून विंडसर घेतलं, १९१९ मध्ये याचे ब्रिटिश किताब काढून घेतले. त्याआधीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, गादी गेली होती. कोबुर्गच्या लोकांनी मतदान करून १९२० मध्ये बव्हेरियात जाणं पत्करलं. गोथा थुरिंगियात गेलं. तो स्वतः नाझी पक्षात शिरला आणि त्या राजवटीत जर्मन रेडक्रॉसचा अध्यक्ष झाला. हे वंशावळीत लिहायला टाळू नका. मुलांना हेही कळायला हवं. १९५४ मध्ये वारला. त्याची मुलगी सिबिला स्वीडनच्या राजघराण्यात दिली होती. स्वीडनचा राजा कार्ल सोळावा गुस्ताफ तिचाच मुलगा. फांदी तिथपर्यंत काढा.